पाऊस आला की नेट जातं, आणि संध्याकाळी क्लासच्या वेळेला तर हमखास. केबलचं नेट आहे, नक्की काय तपासू?

धनकवडी_गणित:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

आम्ही पुण्यात धनकवडीला राहतो, चार मजली जुनी सोसायटी, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. नेट केबलवाल्याचंच आहे, म्हणजे टीव्हीची ती काळी गोल वायर येते ना, तीच मॉडेमला लागते आणि मॉडेमच्या पुढे आमचा वायफाय राउटर. प्लॅन १०० एमबीपीएसचा. चार वर्षं बरं चाललं, अधूनमधून जायचं पण तक्रार करावी असं काही नव्हतं. यंदा जून लागला आणि तेव्हापासून रोजचं झालंय, पावसाची एक सर येऊन गेली की अर्ध्या तासात मॉडेमचा ऑनलाइनचा दिवा लुकलुकायला लागतो, नेट दोन तीन मिनिटं जातं, येतं, परत जातं. आणि पाऊस नसला तरी रात्री आठ ते अकरा एकदम मंद. बेडरूममध्ये फोनवर स्पीड बघितला तर ९, कधी १२.

मी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, सात ते नऊ. काल प्रमेय अर्ध्यावर असताना चार वेळा तुटलं. मुलं बिचारी थांबून राहतात पण त्यांचं वर्ष आहे हो, प्रत्येक वेळी "मॅडम आवाज येत नाही" ऐकलं की पोटात कालवतं.

ऑपरेटरचा मुलगा तीनदा येऊन गेला. एकदा रिस्टार्ट करून गेला, एकदा अ‍ॅडॉप्टर बदलला, तिसऱ्यांदा म्हणाला वरूनच प्रॉब्लेम आहे. फायबरवाल्या दोघांना विचारलं, आमच्या गल्लीत अजून लाईन नाही म्हणाले. नवीन भारी राउटर घेऊ का? मिस्टर म्हणतायत तीन हजार घालून बघू. पण घालायच्या आधी इथे विचारावं म्हटलं.

ठाणे_पश्चिम:
ताई राउटर आत्ता घेऊ नका, आधी दुखणं कुठे आहे ते वेगळं करा. तुमच्याकडे दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात असं वाटतंय, वायफाय वेगळं आणि लाईन वेगळी. बेडरूममध्ये फोनवर ९ येतायत यावरून लाईनबद्दल काहीच कळत नाही.

लॅपटॉपला लॅन वायर लावून थेट मॉडेमला जोडा, राउटर मध्ये नकोच. जोडल्यावर मॉडेम एकदा बंद करून चालू करा, नाहीतर कधीकधी नवीन मशीनला आयपी (नेटवरचा पत्ता) देतच नाही. मग स्पीड बघा, सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा. १०० च्या प्लॅनला ९४-९५ आले म्हणजे पूर्ण आले, त्याच्यावर जाणार नाही कारण मॉडेमचं पोर्ट १०० चं असेल तर तेवढंच जातं.

दुसरं, क्लास चालू असताना, लॅपटॉप परत नेहमीसारखा राउटरवर जोडून, कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून ठेवा, एकीत राउटरला पिंग, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणं (बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या खाली स्टिकरवर लिहिलेलं असतं), दुसरीत ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर, म्हणजे बाहेरचं नेट) पिंग, दोन्ही चालूच राहू द्यायचे. तुटलं की बघा कुठली खिडकी अडकली. राउटरचा पिंगच गेला तर वायफायचा दोष. राउटरचा १-२ मिलिसेकंदात नीट येतोय आणि बाहेरचा गेला तर राउटरच्या पुढे, म्हणजे मॉडेम किंवा लाईन. या एका गोष्टीने अर्धं भांडण मिटतं.

राउटर ठेवलाय कुठे?

धनकवडी_गणित:
टीव्हीच्या मागे, कपाटात. बेडरूम तिथून दोन भिंती सोडून.

तुम्ही सांगितलं तसं केलं. सकाळी सातला लॅन वायरने ९४. म्हणजे प्लॅन मिळतोय! रात्री नऊला त्याच वायरने ५५ ते ६०, आणि मध्येच शून्य होऊन परत वर. पिंगचं पण केलं, क्लासमध्ये दोनदा तुटलं, दोन्ही वेळा राउटरचा पिंग ठीक होता आणि बाहेरचा "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". पण बेडरूममधून बघितलं तर राउटरचाच पिंग २००-३०० होतोय अधूनमधून.

ठाणे_पश्चिम:
झालं मग, दोन्ही आहेत. बेडरूमचं तुमच्या हातात आहे. राउटर कपाटातून बाहेर काढा, टीव्हीच्या मागून तर नक्कीच, पॅसेजमध्ये जरा उंचावर ठेवा. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडा. २.४ वर राहायचंच असेल तर चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो द्या, जुन्या सोसायटीत २.४ वर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी असते. आणि क्लास ज्या मशीनवर घेता तिला तर सरळ लॅन वायरच ओढा, पंधरा मीटरची कॅट सिक्स घ्या आणि दाराच्या चौकटीवरून फिरवा, दिसायला थोडं वाईट दिसेल पण मुलांचं वर्ष आहे म्हणालात ना.

लाईनचं कोणीतरी जाणकार सांगतील, मला कोअ‍ॅक्सचं, म्हणजे त्या काळ्या गोल केबलचं, फार कळत नाही.

कट्टा_सदस्य_नाशिक:
डीएनएस बदलून बघा, १.१.१.१ टाका. माझ्याकडे फरक पडला होता.

लाईनवर_१८_वर्षं:
ताई मी इचलकरंजीकडचा, केबल लाईनवर अठरा वर्षं काम केलंय, आता स्वतःचं दुकान आहे. तुमचं वाचलं आणि पावसाचं लिहिलंय तिथंच थांबलो. पाऊस आला की जातंय आणि दिवा लुकलुकतोय म्हणजे पाणी शिरलंय बघा कुठंतरी, जॉइंटात. डीएनएसनं हे जाणार नाही. डीएनएस म्हणजे पत्ता शोधायची वही, पत्ता सापडायला उशीर होत असेल तर फरक पडतो, इथं रस्ताच वाहून जातोय.

आता एक काम करा. मॉडेमला जोडलेल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ उघडा. बऱ्याच केबल मॉडेमचं पान तिथंच असतं, काही ऑपरेटर बंद करून ठेवतात पण बघा. त्यात सिग्नल किंवा स्टेटस असं काहीतरी असेल. चार गोष्टी लिहून घ्या, डाउनस्ट्रीम पॉवर, एसएनआर, अपस्ट्रीम पॉवर, आणि इव्हेंट लॉगमध्ये टी३ टी४ असं काही येतंय का.

वाचायचं कसं सांगतो. डाउनस्ट्रीम पॉवर म्हणजे आमच्याकडून तुमच्या घरात किती जोरात पोचतंय, शून्याच्या आसपास सगळ्यात चांगलं, उणे ७ ते अधिक ७ मध्ये असलं की मी बिनधास्त घरी जायचो, उणे १५ च्या खाली गेलं की मॉडेम धरत नाही. एसएनआर म्हणजे गोंगाटात आवाज किती स्वच्छ येतोय, ३५-३६ च्या वर पाहिजे, ३० च्या आसपास आला की पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, फुटायला लागतात. आणि अपस्ट्रीम उलटं आहे, तिथं आकडा जास्त म्हणजे वाईट, कारण तो मॉडेम किती जोरात ओरडतोय त्याचा आकडा. ४० ते ४८ छान. ५१-५२ च्या पुढं गेला म्हणजे मॉडेम घसा फाटेपर्यंत ओरडतोय आणि तिकडं ऐकू जात नाही. मग तो हाक मारतो, उत्तर येत नाही, त्यालाच टी३ टाइमआउट म्हणतात. असं बऱ्याचदा झालं की मॉडेम सगळं सोडून पहिल्यापासून जोडणी करायला घेतो, तीच तुमची दोन तीन मिनिटं.

तुमचा क्लास व्हिडिओचा आहे, म्हणजे तुमचा आवाज आणि चित्र वर जायला पाहिजे. पिक्चर बघणाऱ्याला अपस्ट्रीमचा दोष महिना महिना कळत नाही, शिकवणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतो.

कोरड्या वेळी एकदा घ्या आकडे आणि पाऊस पडून गेल्यावर एकदा. वेळ टाकून. आणि फोटो काढून ठेवा.

धनकवडी_गणित:
दादा पान उघडलं! इतकी वर्षं मॉडेम घरात आहे आणि त्यात हे असतं हे माहीतच नव्हतं.

काल दुपारी, कोरडं होतं: डाउनस्ट्रीम आठ चॅनल, उणे ११ पासून उणे १३ पर्यंत. एसएनआर ३१-३२. अपस्ट्रीम ५२.
काल रात्री पावणेनऊ, सर येऊन गेल्यावर: उणे १४ ते उणे १६, एसएनआर २८, अपस्ट्रीम ५४. लॉगमध्ये टी३ च्या ओळीच ओळी, एकाच तासात १९ मोजल्या. "अनकरेक्टेबल" नावाचा एक रकाना आहे त्यात लाखांत आकडा आहे, तो काय?

लाईनवर_१८_वर्षं:
अनकरेक्टेबल म्हणजे फुटलेले तुकडे जे मॉडेमला दुरुस्त करता आले नाहीत. मॉडेम चालू केल्यापासून ते मोजत राहतं, म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही, वाढतोय किती भराभर ते बघायचं.

तुमचं उत्तर तर स्पष्टच आहे. कोरड्यातसुद्धा लेव्हल (सिग्नलचा जोर) काठावर आहे आणि पावसात काठाच्या खाली. राउटर बदला, मॉडेम बदला, काही होणार नाही. वायरीतच जातंय.

आता विचारतो ते बघा. तुमच्या गच्चीवर किंवा जिन्यात ऑपरेटरचा डबा असेल, तिथून तुमच्याकडं वायर येताना मध्ये किती ठिकाणी फुटलीय? स्प्लिटर असतो ना, एक आत आणि दोन बाहेर किंवा चार बाहेर, चकचकीत डबी. दोनवाला साडेतीन डीबी (सिग्नल मोजायचं माप) खातो, चारवाला सात. पूर्वी टीव्हीसाठी घरोघरी फाटे काढलेले असायचे, माणसं डिशवर गेली, फोनवर गेली, फाटे तसेच. वापर कुणी करत नाही पण सिग्नलचा वाटा चाललेलाच असतो, आणि उघड्या तोंडातून बाहेरचा गोंगाट आत येतो तो वेगळा. घरात पण बघा, टीव्हीला फाटा दिलाय का.

दुसरं, वायरीवर काय छापलंय वाचा. आरजी-५९ असेल तर जुनी बारीक वायर आहे, नेटला आरजी-६ पाहिजे. तिसरं, मॉडेमला लागतो तो एफ कनेक्टर हाताने हलवून बघा, सैल आहे का. काढून आतला तांब्याचा तार बघा, पिवळसर लाल चमकला पाहिजे, काळा किंवा हिरवा पडला असेल तर पाणी वायरीतून आतपर्यंत आलंय. पाणी एकदा वायरीच्या आतल्या जाळीत शिरलं की वातीसारखं चढतं, मग नुसता कनेक्टर बदलून भागत नाही, तेवढी वायरच कापायला लागते.

एक मात्र ऐका. कनेक्टरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथंच सोडा. कुठल्यातरी घराचा न्यूट्रल किंवा अर्थिंग बिघडलं की करंट केबलच्या जाळीवरून फिरतो. आणि पावसात गच्चीवर चढू नका, ते आमच्या माणसाचं काम आहे, तुम्ही खालून फोटो काढा. वीज कडाडत असेल तेव्हा मॉडेमची केबल आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही काढून ठेवायची सवय लावा, मी वळवाच्या एका पावसात एका गल्लीतले सहा मॉडेम जळालेले बघितलेत.

एडिसन_एनजे:
न्यू जर्सीहून. इथे अजून बऱ्याच घरांना कोअ‍ॅक्सनेच नेट येतं, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या अपार्टमेंटमध्ये डिट्टो हेच झालं होतं म्हणून लिहावंसं वाटलं. आधीच्या भाडेकरूने भिंतीच्या प्लेटमागे तीन तोंडांचा स्प्लिटर ठेवला होता आणि आमचा मॉडेम नेमका जास्त खाणाऱ्या तोंडाला होता (तीनवाल्यात बऱ्याचदा एक तोंड साडेतीन आणि बाकी दोन सात असतात, वर छापलेलं असतं). स्प्लिटर काढून दोन वायरी सरळ जॉइंटरने जोडल्या, चार डॉलरचं काम, आणि रोज रात्री होणारं ड्रॉप थांबलं. त्याआधी मी नवा मॉडेम घेऊन बसलो होतो. म्हणून तुमचे तीन हजार ठेवा.

लाईनवर_१८_वर्षं यांना एक विचारायचंय, ताईंचं रात्रीचं ५५-६० हे सिग्नलचंच का? माझ्याकडे लेव्हल सुधारल्यावरही रात्री स्पीड पडायचा, तो शेजाऱ्यांच्या वापरामुळे निघाला.

लाईनवर_१८_वर्षं:
बरोबर बोललात, ते वेगळं असू शकतं. केबलच्या नेटमध्ये एका नोडवरचे (भागातल्या सिग्नल वाटायच्या डब्यावरचे) सगळे लोक एकच हमरस्ता वाटून घेतात, रात्री नऊला सगळे आले की कोंडी. ओळखायचं असं, रात्री स्पीड पडला पण लेव्हल दुपारसारखीच आहे आणि टी३ वाढत नाहीत, मग कोंडी. लेव्हल पण पडली तर वायर. ताईंचं आधी वायरीचं निस्तरू द्या, ते असताना कोंडीचं कळणारच नाही. कोंडी निघाली तर इलाज ऑपरेटरकडेच, नोडची विभागणी करायची किंवा चॅनल वाढवायचे.

ताई तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. त्या वाक्यावर पोरगं येतं, रिस्टार्ट करतं आणि जातं, मी पण नवीन असताना तेच केलंय कारण हातात मीटरच दिलेला नसायचा. तुम्ही म्हणा, "डाउनस्ट्रीम उणे १४, अपस्ट्रीम ५४, पावसानंतर टी३ येतायत, मीटर घेऊन माणूस पाठवा आणि टॅपपासून घरापर्यंत लेव्हल मोजा." टॅप म्हणजे ऑपरेटरच्या डब्यात तुमची वायर जिथून निघते ती जागा. मीटर हा शब्द महत्त्वाचा आहे. तोंडी नको, कस्टमर केअरला नोंदवून तक्रारीचा नंबर घ्या आणि फोटो जोडा.

ठाणे_पश्चिम:
आणि तक्रार क्रमांक असूनही दाद दिली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमांनी ही दुसरी पायरी ठेवलेली आहे, अपीलला पैसे लागत नाहीत. अपील अधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. पण पहिली तक्रार नोंदवलेली नसेल तर अपील घेतच नाहीत, म्हणून नंबर जपून ठेवा.

मोशी_प्राधिकरण:
एवढं करण्यापेक्षा ५जीचा डबा का नाही लावत? खिडकीत ठेवला की चालू.

धनकवडी_गणित:
विचार केला होता, नणंदेकडे आहे. तिच्याकडे स्पीड छान येतो पण मी तिथून एकदा क्लास घेतला तेव्हा आवाज कापल्यासारखा येत होता, पिंग ३० वरून १५० वर उड्या मारत होता. दुसरीकडे चांगलं चालत असेलही, टॉवर कुठे आहे त्यावर असणार. आधी हे नीट करून बघते.

धनकवडी_गणित:
सगळ्यांना सांगायचंय, झालं! सविस्तर लिहिते, पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

दादांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं फोनवर वाचून दाखवलं. पलीकडचा माणूस दोन सेकंद गप्प, मग म्हणाला सिनियरला पाठवतो. शनिवारी एक साधारण पन्नाशीचे काका मीटर घेऊन आले. आधी आमच्या मॉडेमच्या वायरीला मीटर लावला, उणे १३. मग गच्चीवर गेले, मी पण गेले मागोमाग, ऊन होतं. डब्यातल्या टॅपवर अधिक ५. म्हणजे आमच्या घरापर्यंत येता येता १८ डीबी गायब, त्यांनीच "अरे बाप रे" म्हटलं.

मग वायर हाताने धरून चालत गेले. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप आहे, त्याच्या बरोबर खाली चार तोंडांचा स्प्लिटर, टेपने गुंडाळलेला, टेप कधीच सुटलेली. एक तोंड आमचं, दोन तोंडांच्या वायरी ज्या घरांत जातात त्या लोकांनी टीव्हीची केबल काढून सहा सात वर्षं झाली, चौथं उघडंच. उघडून दाखवलं तर आत हिरवं हिरवं, कनेक्टर बोटाने फिरवला तर तुटून हातात आला. तिथून खालची पाच सहा फूट वायर कापली तर आतली जाळी काळी पडलेली होती. वायरीवर आरजी-५९ छापलं होतं.

त्यांनी टॅपपासून थेट आमच्या मॉडेमपर्यंत नवी आरजी-६ टाकली, मध्ये काहीच नाही. दाबून बसवायचे कनेक्टर लावले, पिळून बसवायचे नाहीत, गच्चीवरच्या जॉइंटला रबराचं बूट घातलं. आणि घरात शिरायच्या आधी वायरीला खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी तिथून खाली गळेल, वायरीवरून खिडकीत येणार नाही. हे सगळं सव्वा तासात. त्यांना चहा केला तर म्हणाले, "मॅडम आकडे सांगितलेत म्हणून मीटर घेऊन आलो, नाहीतर पोराला पाठवला असता."

आता आकडे: डाउनस्ट्रीम उणे १ ते उणे ३, एसएनआर ३७, अपस्ट्रीम ४३. मंगळवारी आणि बुधवारी धो धो पाऊस झाला, लॉगमध्ये टी३ एकही नाही. आज नववा दिवस, क्लास एकदाही तुटलेला नाही. त्रिकोणांची समरूपता एका बैठकीत पूर्ण झाली.

रात्री नऊला लॅन वायरने ७५ ते ८५ येतात, सकाळी ९४. लेव्हल सारखीच असते, म्हणजे ही एडिसनवाल्या दादांनी सांगितलेली कोंडीच. मला चालतंय, पण तक्रारीत तेही लिहून ठेवलंय. राउटर पॅसेजमध्ये आणला, बेडरूममध्ये फोनवर ५ गिगाहर्ट्झवर ६० च्या पुढे येतात, आणि क्लासच्या लॅपटॉपला चौकटीवरून कॅट सिक्स ओढली.

एकच राहिलं. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. घरी इन्व्हर्टर आहे, मॉडेम राउटर दोन्ही चालू असतात तरी नेट जातं. ते का? आणि काही करता येईल का?

लाईनवर_१८_वर्षं:
वाचून फार बरं वाटलं ताई. त्या काकांना माझा नमस्कार सांगा, झोल द्यायला लक्षात ठेवणारी माणसं कमी झालीत.

गुरुवारचं असं आहे, नोडपासून तुमच्या गच्चीपर्यंत मध्ये अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारे डबे) असतात, त्यांना वीज याच केबलमधून जाते आणि ती गल्लीतल्या कुणाच्यातरी मीटरवरून किंवा खांबावरच्या सप्लायमधून घेतलेली असते. गल्लीची लाइट गेली की अँप्लिफायर बंद, मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही. ऑपरेटरनं त्या सप्लायला बॅटरी लावली असेल तर दोन तीन तास निघतात. विचारा त्यांना बॅटरी आहे का, बऱ्याचदा असते पण मेलेली असते. पाच दहा गिऱ्हाइकांनी मिळून लेखी मागितलं तर बदलतात, आमच्याकडं एका शाळेनं मागितलं म्हणून बदलली होती. तोपर्यंत गुरुवारी लाइट जायच्या वेळेत क्लास असेल तर फोन चार्ज करून हॉटस्पॉट तयार ठेवा, लॅपटॉपला यूएसबीनं जोडा, वायफायपेक्षा स्थिर चालतं.

धनकवडी_गणित:
आमच्या बिल्डिंगमध्ये आणि शेजारच्या मिळून अकरा घरं त्यांच्याकडे आहेत. उद्या अर्ज लिहून सह्या घेते.